गोखल्यांचा जमाखर्चही मुलांना वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ फेब्रुवारी ही नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांची पुण्यतिथी. त्यानिमित्त आमच्या भागातल्या वाचनालयाने शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा घेतली आणि परीक्षक म्हणून मला बसवले. बहुतेक भाषणांत मुद्दे तेच : जन्म कोतळूकचा, गांधीजींचे राजकीय गुरू, आणि उदाहरण दुसऱ्याच्या मदतीने सोडवले म्हणून वर्गात रडणारा गुणी मुलगा. एका पठ्ठ्याने कागद उलटा धरला होता, तरी भाषण कुठे अडले नाही!

पोरांना काय बोलायचे? गोखल्यांचा साधुपुरुष आपणच करून ठेवला आहे.

माझा जन्म लेखा विभागात गेला. त्यामुळे मला गोखले भेटले ते मार्च १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात. वरिष्ठ कायदेमंडळातले ते त्यांचे पहिलेच वर्ष. वय पुरते ३६ नाही. तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक म्हणून सरकार खुशीत होते. गोखल्यांनी ती शिल्लक उकलून दाखवली. रुपया घसरत १३ पेन्सपर्यंत गेला, त्या काळात विलायतेला पौंडांत द्यायचे सरकारी देणे भागवायला जास्त रुपये लागत. म्हणून कर चढवले गेले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांचा अडीच झाला. पुढे लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींत बंद करून सरकारने रुपया १६ पेन्सवर नेला. देणे हलके झाले, कर मात्र जिथल्या तिथे. वर उरले त्याला नाव शिल्लक! आणि त्याच सुमारास, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, आपला मध्य प्रांत होरपळून निघत होता. हाताखालच्या कारकुनाने अशी शिल्लक दाखवली असती, तर ‘ही आली कुठून?’ एवढे मी नक्की विचारले असते. गोखल्यांनी ते व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसमोर विचारले. मीठकर उतरवा आणि प्राप्तिकराची सूट वर्षाला ५०० वरून १००० रुपयांवर न्या, ही त्यांची मागणी. १९०३ मध्ये सरकारने दोन्ही केले. १९०७ पर्यंत मिठावरचा कर मणामागे एका रुपयावर आला.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. तेही मुलांना सांगावे. हरलेले कामही कामच असते की.

आता नागपूरचे. टिळकांना मानणाऱ्या या गावात गोखल्यांना ‘मवाळ’ म्हणून नाक मुरडायची जुनी रीत. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन खरे तर नागपुरात भरायचे. इथल्या जहाल-मवाळांच्या भांडणापायी ते सुरतेला हलवले आणि तिथे खुर्च्या उडाल्या, ते सगळ्यांना ठाऊक. पण त्याच नागपुरात १९११ मध्ये गोखल्यांनी ‘हितवाद’ हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले, हे स्पर्धेत एकाही मुलाच्या तोंडून आले नाही. रोज याच गावातल्या शाळेत जाणारी मुले आहेत ही!

माझी सूचना साधी आहे. दर १ फेब्रुवारीला केंद्राचे अंदाजपत्रक मांडले जाते, घरोघरी टीव्हीवर त्याचाच गलका असतो. अठरा दिवसांनी गोखल्यांची पुण्यतिथी. त्या दिवशी पाठांतराची भाषणे थांबवून नववी-दहावीच्या मुलांना १९०२ च्या भाषणातली दोन पाने मराठीत द्यावीत, फळ्यावर मीठकराचे आकडे मांडावेत आणि शिल्लक कुठून आली ते त्यांनाच शोधू द्यावे. गोखले स्वतः गणित शिकवत, त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही केले होते. आपल्या वाचकांपैकी कोणी शिक्षक हे करून पाहणार असतील, तर भाषणातले उतारे आणि आकड्यांचा तक्ता मी काढून देईन. गोळीबार चौकापासून धरमपेठेपर्यंत कोणत्याही शाळेत स्वखर्चाने येईन. फक्त परीक्षक म्हणून बोलावू नये.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
महाल, नागपूर