रोहिणी गोडबोले यांच्यासाठी एकच ओळ?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या (२९ डिसेंबर २०२४) पुरवणीतील सरत्या वर्षात निवर्तलेल्या मान्यवरांचे पान वाचले. रतन टाटा आणि उस्ताद झाकिर हुसेन यांना मोठी जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती आणि तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचे छायाचित्र देऊन, मूलकणांना वस्तुमान कसे मिळते याविषयी त्यांनी १९६४ मध्ये मांडलेली कल्पना सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत आपण समजावून दिलीत, हे तर उत्तमच झाले. परंतु त्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपातील नावांच्या गर्दीत, ‘डॉ. रोहिणी गोडबोले, ज्येष्ठ शास्त्रज्ञ, पद्मश्री’ एवढ्या एका ओळीत आपण गोडबोले यांची बोळवण केलीत, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, तेव्हा आपले हे पान कापून प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावण्याचा माझा दरवर्षीचा नेम होता. आता शेजारची बारावीत शिकणारी मुलगी अशी कात्रणे वहीत चिकटवते. काल ती हेच पान घेऊन आली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “काकू, हिग्जनी काय केलं ते इथे लिहिलंय. पण या बाईंनी नेमकं काय केलं?” सबंध पानात त्याचे उत्तर नव्हते.

मी तिला जे सांगितले ते आपल्या वार्ताहरालाही लिहिता आले असते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एरवी आत काहीही नसलेला मानला जातो. पण फार मोठ्या ऊर्जेच्या टकरीत तो आपल्या आत क्वार्क आणि ग्लुऑन, म्हणजे प्रोटॉनच्या आत असतात ते कण, असल्यासारखा वागतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच विरुद्ध विद्युतभाराचा जोडीदार कण) यांचे झोत समोरासमोर आदळवणारी नवी यंत्रे आखण्याचा विचार चालू असताना, गोडबोले यांनी भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्यासह हे दाखवून दिले की, या झोतांतून निघणारे फोटॉनच एकमेकांवर आदळून इतर कणांचा एवढा गदारोळ माजवू शकतात की, जे शोधायचे ते त्यातून वेचून काढणे अवघड व्हावे. अशा यंत्रांचा आराखडा करताना ही गोष्ट हिशेबात धरणे त्यामुळे भाग पडले. हिग्ज कण कोलायडरमध्ये, म्हणजे कणांचे झोत आदळवणाऱ्या यंत्रात, कसा शोधावा आणि सापडल्यावर त्याचे गुणधर्म कसे तपासावेत, यावरही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ज्या कणाच्या शोधाची घोषणा २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत झाली, त्याची कल्पना मांडणारे हिग्ज ८ एप्रिलला गेले आणि त्याच कणाचा पाठपुरावा करणाऱ्या गोडबोले २५ ऑक्टोबरला पुण्यात गेल्या. आपल्या पानावर दोघांची नावे असताना हा धागा कोणाच्याच लक्षात आला नाही?

हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, मुंबईची आयआयटी आणि पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हा त्यांचा प्रवास मराठी वाचकाला परका नाही. भारतातील स्त्री शास्त्रज्ञांच्या जीवनकहाण्यांचा ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केला, तो २००८ मध्ये निघाला. विज्ञानात शिरू पाहणाऱ्या मुलींना आपल्या आधी या वाटेने कोण गेले हे कळावे, यासाठी त्यांनी एवढे कष्ट घेतले आणि मराठी वृत्तपत्राने त्यांच्याविषयी त्या बारावीच्या मुलीला काहीच कळू दिले नाही, हे मला अधिक लागले.

पुरस्कार लिहायचा आणि काम गाळायचे, हा प्रकार पानावर इतरत्रही आहे. डॉ. प्रभा अत्रे यांच्या नावापुढे ‘पद्मविभूषण’ एवढेच आहे. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या घेऊन, सरगम या विषयावर डॉक्टरेट मिळवणारी आणि स्वतः बंदिशी रचणारी ही गायिका होती, याचा उल्लेखही नाही. त्या १३ जानेवारीला गेल्या, म्हणजे यादी करणाऱ्याच्या लेखी फार जुनी गोष्ट झाली असावी. ९ जानेवारीला गेलेले उस्ताद राशिद खान तर यादीतच नाहीत.

वर्षाच्या दुसऱ्या टोकाचीही तीच कथा आहे. पुरवणी आधीच छापून ठेवल्यामुळे श्याम बेनेगल (२३ डिसेंबर), मल्याळम लेखक एम. टी. वासुदेवन नायर (२५ डिसेंबर) आणि डॉ. मनमोहन सिंग (२६ डिसेंबर) हे तिघेही पानावर नाहीत. पुढच्या वर्षीचे पान जानेवारीपासून मोजले जाईल, तेव्हा तिथेही त्यांना जागा नसेल. पेले २९ डिसेंबर २०२२ रोजी गेले, त्यांचे असेच झाले. २०२२ च्या पानावर ते नव्हते आणि २०२३ च्याही नव्हते.

वर्ष संपण्याआधीच हे पान काढण्याची घाई कशासाठी? ते जानेवारीच्या पहिल्या रविवारी द्यावे. यंदाच्या सुटलेल्या नावांसाठी येत्या रविवारी अर्धे पान द्यावे आणि त्यात रोहिणी गोडबोले यांच्या कामावर किमान एक परिच्छेद, त्यांच्या छायाचित्रासह, छापावा. भौतिकशास्त्राचा भाग तपासून हवा असल्यास मी तो तपासून देईन.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका