‘रेक्विएम’मधले मोझार्टचे किती?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संगीतकार मोझार्टच्या अखेरच्या दिवसांवर लेख आला आहे. ‘मृत्युशय्येवर त्याने रेक्विएम पूर्ण केला’ हे त्यातले विधान चुकीचे आहे. ५ डिसेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मोझार्ट गेला, तेव्हा ही रचना, म्हणजे मृतांच्या शांतीसाठी चर्चमध्ये गायची लॅटिन प्रार्थना, अर्धवट होती. नेमके काय लिहून झाले होते आणि काय नव्हते, हे हस्तलिखितावरून बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. लेखकाने ते पाहायला हवे होते.

मोझार्टची लिहिण्याची रीत आधी ध्यानात घ्यावी लागते. तो प्रथम गायकांच्या चार ओळी आणि खालचा बास लिही. बासवर स्वरसंगती सुचवणारे आकडे टाकी, पहिल्या व्हायोलिनची एखादी महत्त्वाची जागा टिपून ठेवी आणि मधली वाद्ये सावकाश भरी. त्यामुळे त्याचे ‘अपुरे’ पान रिकामे नसते. त्यात रचनेचा सांगाडा पूर्ण असतो. रेक्विएममध्ये आवाज आणि वाद्ये यांसह त्याच्या हातून पुरा झालेला भाग एकच, पहिला ‘इन्ट्रोइटस’ (पुढची लॅटिन नावेही या प्रार्थनेच्या भागांचीच). ‘किरिए’च्या गायनाच्या ओळी त्याच्या आहेत, वाद्ये इतरांनी भरली. ‘दिएस इरे’पासून ‘कॉन्फुटाटिस’पर्यंत आणि पुढे ‘दोमिने येसू’ व ‘होस्तियास’मध्ये असाच सांगाडा आहे. ‘तुबा मिरुम’च्या सुरुवातीची ट्रॉम्बोनची ओळ त्याच्याच हातची. ‘लाक्रिमोसा’चे मात्र फक्त आठ बार (ठरावीक मात्रांचे गट) आहेत. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची ओळ, पायरीपायरीने वर चढत जाते आणि वरच्या टोकाला पोहोचताच मोझार्टचे अक्षर थांबते. ‘सांक्टुस’, ‘बेनेडिक्टुस’ आणि ‘आन्युस देई’ यांची त्याच्या हातची एकही ओळ हस्तलिखितात नाही.

मग उरलेले कुणी केले? त्यामागे घरातली पैशांची अडचण होती. काउंट वाल्सेग यांच्या पत्नीचे १४ फेब्रुवारी १७९१ रोजी निधन झाले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी मध्यस्थामार्फत, नाव गुप्त ठेवून, ही रचना मागवली. दुसऱ्यांच्या रचना स्वतःच्या अक्षरात उतरवून आपल्या म्हणून सादर करण्याची त्यांना सवय होती. काही रक्कम आगाऊ मिळाली होती, उरलेली काम पोहोचल्यावर मिळायची होती. दरम्यान मोझार्टला प्रागसाठी ‘ला क्लेमेन्झा दि तितो’ (६ सप्टेंबर) आणि व्हिएन्नात ‘द मॅजिक फ्लूट’ (३० सप्टेंबर) हे दोन ऑपेरे उभे करायचे होते. रेक्विएम मागे पडला तो असा. पती गेल्यावर कॉन्स्टान्झला रचना पूर्ण होऊन हवी होती, आणि ती मोझार्टनेच पूर्ण केल्याचे दिसायलाही हवे होते.

तिने आधी संगीतकार योसेफ आयब्लरला विचारले. २१ डिसेंबरला त्याने हस्तलिखित मिळाल्याची पोच लिहून दिली आणि मोझार्टच्याच पानांवर बरीच वाद्ये भरली. ‘लाक्रिमोसा’त सोप्रानोचे दोन बार पुढे लिहून त्याने हात टेकले. शेवटी काम आले मोझार्टचा मदतनीस फ्रान्झ झ्यूसमायर याच्याकडे. त्याचे अक्षर मोझार्टच्या अक्षराशी मिळतेजुळते होते. काउंटकडे गेलेल्या प्रतीच्या पहिल्या पानावर मोझार्टची सही आहे आणि तिच्यापुढे साल आहे ७९२, म्हणजे १७९२. तोवर मोझार्ट जाऊन काही आठवडे झाले होते. बनावट उघड व्हायला हा एक आकडा पुरेसा आहे.

झ्यूसमायरला सरसकट कमी लेखणेही मला पटत नाही. ‘आन्युस देई’च्या बासमध्ये ‘इन्ट्रोइटस’ची चाल पुन्हा डोकावते. मोझार्टच्या टिपणांच्या चिठ्ठ्या त्याच्या हाती असाव्यात, हा तर्क अशा जागांमुळेच केला जातो. पण चुकाही ठळक आहेत. ‘सांक्टुस’नंतरचा ‘ओसाना’ हा भाग डी मेजर या पट्टीत आहे. ‘बेनेडिक्टुस’नंतर तोच ‘ओसाना’ परत येतो तो बी फ्लॅट मेजरमध्ये. त्या काळच्या चर्चसंगीतात तो मूळ पट्टीतच परतायला हवा. आपल्याकडे अंतरा संपवून गायक वेगळ्याच षड्जावर स्थायी धरील, तर कान जसा अडखळेल, तसेच इथे होते. शिवाय हा ‘ओसाना’ फार तोकडा आहे. सुरू होतो न होतो तोच संपतो.

‘लाक्रिमोसा’च्या शेवटी झ्यूसमायरने ‘आमेन’ दोन स्वरसंगतींत उरकले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये मोझार्टच्या हातचे कच्चे पान सापडले. त्यावर ‘आमेन’च्या फ्यूगची (एकच चाल निरनिराळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते अशा रचनेची) सुरुवात आहे आणि ‘रेक्स त्रेमेन्दे’चा आराखडाही. त्या आधारे पियानोवादक व संगीत-अभ्यासक रॉबर्ट लेविन यांच्यासारख्या काहींनी फ्यूग पूर्ण केला आहे. म्हणून ध्वनिमुद्रण ऐकताना ‘लाक्रिमोसा’नंतर लांबलचक ‘आमेन’ फ्यूग आला, तर ती झ्यूसमायरची आवृत्ती नव्हे, हे ओळखता येते.

व्हिएन्नातला संगीतकार सालिएरी याने मोझार्टवर विषप्रयोग केला, ही लेखातली गोष्टही निराधार आहे. १३ ऑक्टोबर १७९१ रोजी मोझार्टने सालिएरीला ‘मॅजिक फ्लूट’ दाखवायला नेले आणि त्याने मनापासून दाद दिली, असे मोझार्टनेच दुसऱ्या दिवशीच्या पत्रात लिहिले आहे. पुढे मोझार्टचा धाकटा मुलगा सालिएरीकडे शिकला. मृत्यूच्या नोंदीत कारण दिले आहे ते पुरळ उठणाऱ्या तीव्र तापाचे. ‘भिकाऱ्याच्या खड्ड्यात पुरले’ हेही खरे नाही. सेंट मार्क्स दफनभूमीतला तो दफनविधी त्या काळच्या व्हिएन्नातल्या सामान्य नागरिकाच्या रिवाजानुसार झाला होता.

लेखासोबतच्या ‘आवर्जून ऐका’ या चौकटीत रेक्विएमची चार ध्वनिमुद्रणे सुचवली आहेत. वाद्यवृंद आणि संचालक यांची नावे आहेत. रचना कुणी पूर्ण केली, त्याचे नाव एकाही ठिकाणी नाही. दुरुस्ती छापाल तेव्हा चारही ध्वनिमुद्रणांपुढे ते नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
पाश्चात्त्य संगीताचा एक अभ्यासक, पुणे