परवाना जागेला नको, सेवेला हवा

महोदय,

घरी नर्स, आया, मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोंना परवाना लागू करावा, पण तो जागेला नव्हे, सेवेला. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 चा. 2021 मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पण कायद्याच्या लेखी शुश्रूषागृह म्हणजे रुग्ण दाखल करून घेण्याची जागा. या ब्यूरोंकडे तशी जागाच नसते. असते एक टेबल आणि दोन मोबाइल. त्यामुळे सनद नाही, दरपत्रक नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी दाखवली जाते, पण ती किराणा दुकानदाराकडेही असते.

खरी गल्लत कामाच्या वाटणीत आहे. अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे इथपर्यंत मावशी ठीक. पण अनेक घरांत नाकातून पोटात पातळ अन्न (फीड) देण्याची नळीही त्यांच्याच हाती येते. फीड देण्याआधी नळी जठरातच आहे ना, हे सिरिंजने ओढून पाहायचे. डोक्याची बाजू 30 ते 45 अंश उचलायची आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची. आडव्या रुग्णाला घाईने फीड ओतले, तर ते उलटून फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. चोवीस तासांची मावशी रात्री झोपणारच, मग दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? माकडहाडावर लाली, म्हणजे शय्याव्रणाची पहिली खूण, आली तरी बदलीवर आलेल्या बाईला पत्ता नसतो, कारण लिहून ठेवायला वहीच नसते.

म्हणून नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी), सक्शन (कफ ओढून काढणे), इंजेक्शन यांसाठी एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली परिचारिकाच हवी आणि बिलावर तिचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. काळजीचा आराखडा पहिल्याच दिवशी नोंदणीकृत परिचारिकेने घरी येऊन लिहावा. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या मदतनिसांना किमान 75 तासांचे प्रशिक्षण लागते, त्यातले 16 तास प्रात्यक्षिकाचे. शुश्रूषा चालू असलेल्या रुग्णाच्या घरी परिचारिका दर 14 दिवसांनी येऊन मदतनिसाचे काम तपासते. इतक्या परिचारिका आणायच्या कुठून, हा आक्षेप रास्तच आहे. आपण महिन्याला एक भेट आणि मधे एक व्हिडिओ कॉल, एवढ्यावर सुरुवात करावी.

‘आम्ही फक्त माणूस सुचवतो, जबाबदारी आमची नाही’ हे कलम मात्र परवानाधारकाच्या करारात चालू देऊ नये. दरमहा कमिशन घ्यायचे आणि अंगाशी आले की हात वर करायचे, हे कसे? परवाना शुल्क लहान ब्यूरोला झेपेल इतकेच ठेवावे. नाहीतर ते पाटी उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवरून धंदा करतील.

– एक वाचक, पुणे