कॉल लागतो, पण टिकत नाही: कार्यालयीन आणि घरगुती कॉल-जोडणी सेवेबद्दल तक्रार

दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कार्यालयीन कॉल सेवा विभाग

विषय: डॉक्टरांचे कार्यालयीन ॲप आणि रुग्णांचे घरगुती ॲप यांच्या जोडणीतील दोष, दुरुस्ती व शुल्क परतावा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

सप्टेंबर महिन्यापासून आपली जोडणी सेवा आमच्या रुग्णालयाच्या टेलिओपीडीत (व्हिडिओ कॉलवरून होणाऱ्या बाह्यरुग्ण तपासणीत) वापरात आहे. डॉक्टरांच्या टेबलावरचे कार्यालयीन ॲप आपले, रुग्णाच्या मोबाइलमधले मोफत घरगुती ॲप आपले आणि या दोघांना जोडणारा मधला गेटवेही आपलाच. आमचे म्हणावे असे यात एकच आहे: तपासणी खोली क्रमांक दोनमधले एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जुळवण्याची पद्धत) वापरणारे व्हिडिओ यंत्र. तेही आपल्या मान्य उपकरणांच्या यादीतले, आपल्याच विक्री प्रतिनिधीने सुचवलेले.

या चार महिन्यांत नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीला आपल्या मदत कक्षाने एकच उत्तर दिले आहे: ‘कृपया आपले इंटरनेट तपासा.’ ते आम्ही तपासले. फायबरची जोडणी बदलून पाहिली, राउटर बदलला, राउटरमधले ‘सिप एएलजी’, म्हणजे एसआयपी संदेशांत फेरफार करणारी सोय, बंद केले (आपल्या कागदपत्रांत हे कुठेच लिहिलेले नाही, लिहायला हवे होते). त्यानेही काही फरक न पडल्यावर खोली क्रमांक दोनमधल्या यंत्राचा एसआयपी लॉग उघडला आणि क्रोमच्या वेबआरटीसी (ब्राउझरमधून कॉल करण्याचे तंत्र) निदान पानावरून रुग्णाच्या बाजूची नोंद घेतली. जे दिसले ते खाली दिले आहे. मूळ लॉग सोबत जोडले आहेत.

पहिला आणि सर्वांत त्रासदायक दोष ३२ सेकंदांचा. डॉक्टरांनी रुग्णाला कॉल लावला की लागतो, दोन्हीकडे आवाज येतो. रुग्णाचे नाव, वय, गाव विचारून होते आणि ‘कुठे दुखतंय?’ म्हणेपर्यंत कॉल तुटतो. घड्याळ लावून पाहिले, तुटणारा कॉल दर वेळी ३२ व्या सेकंदालाच तुटतो. इंटरनेट खराब असते तर कधी १० सेकंदांनी, कधी ५ मिनिटांनी तुटला असता. नेमका ३२ चा आकडा एसआयपी जाणणाऱ्या कोणालाही लगेच ओळखू येतो. एसआयपीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ३२६१ या दस्तऐवजाप्रमाणे कॉल उचलणारी बाजू ‘२०० ओके’ (कॉल उचलला) पाठवते आणि लावणाऱ्या बाजूकडून ‘ॲक’ (पोच) येण्याची वाट पाहते. ॲक आला नाही तर तोच २०० ओके पुन्हा पाठवते: आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन, चार सेकंदांनी आणि पुढे दर चार सेकंदांनी. टी१ हा मूळ कालावधी अर्ध्या सेकंदाचा, त्याची ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्या वेळात ॲक मिळाला नाही की ती बाजू ‘बाय’ पाठवून कॉल संपवते.

आमच्या लॉगमध्ये हेच ओळीने दिसते. आपल्या गेटवेकडून २०० ओके येतो, त्यानंतर त्याच्या दहा नकला येतात आणि शेवटी बाय. आमचे यंत्र प्रत्येक नकलेला ॲक पाठवते, पण तो जातो कुठे? २०० ओकेमधल्या ‘कॉन्टॅक्ट’ ओळीत आपला गेटवे स्वतःचा पत्ता १० ने सुरू होणारा देतो. तो आपल्या डेटा सेंटरमधला अंतर्गत पत्ता आहे आणि सार्वजनिक इंटरनेटवरून तिथे काहीही पोहोचू शकत नाही. घराबाहेर पाटी न लावता ‘आतल्या खोलीत या’ म्हणण्यासारखे झाले हे.

मग काही कॉल तुटतात आणि काही नीट का चालतात? आपल्या डोमेनची डीएनएसमधली (इंटरनेटच्या पत्ता-नोंदवहीतली) एसआरव्ही नोंद, म्हणजे कॉल कोणत्या सर्व्हरकडे जावेत ते सांगणारी नोंद, तपासली. तिच्यात दोन गेटवे आहेत, दोघांचे प्राधान्य आणि वजन सारखेच. त्यामुळे कॉल दोघांत वाटले जातात. पहिला गेटवे कॉन्टॅक्टमध्ये सार्वजनिक पत्ता देतो, दुसरा अंतर्गत. म्हणजे दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता भरायचा राहून गेला आहे. ही एका ओळीची दुरुस्ती आहे. तिच्यासाठी आम्हाला आमचे राउटर बदलायला लावले गेले, याची नोंद घ्यावी.

दुसरा दोष चांगल्या चालणाऱ्या पहिल्या गेटवेवरचा. त्यावरून लावलेला कॉल २९ मिनिटे २८ सेकंदांनी बंद होतो. साध्या सल्ल्याला तेवढा वेळ लागत नाही, म्हणून हे उशिरा लक्षात आले. पण फिजिओथेरपी, समुपदेशन आणि मधुमेहींच्या आहारसल्ल्याची सत्रे ४५ मिनिटांची असतात. मदत कक्षाने याला उत्तर दिले: ‘कॉल तुमच्या बाजूने संपवला गेला.’ हे अक्षरशः खरे आहे आणि म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. कॉल सुरू होताना दोन्ही बाजूंनी सत्राची मुदत १८०० सेकंद ठरवली आणि ती वाढवत राहण्याची जबाबदारी आपल्या गेटवेने स्वतःकडे घेतली; लॉगमध्ये ‘रिफ्रेशर=यूएएस’ (यूएएस म्हणजे कॉल घेणारी बाजू, इथे गेटवे) असे स्पष्ट आहे. ९०० सेकंदांच्या सुमारास त्याने पुन्हा ‘इनव्हाइट’ किंवा ‘अपडेट’ संदेश पाठवायला हवा होता. तो काहीच पाठवत नाही. आरएफसी ४०२८ सांगतो की मुदतवाढ आली नाही तर समोरच्या बाजूने मुदत संपायच्या ३२ सेकंद आधी कॉल संपवावा. १८०० वजा ३२ म्हणजे १७६८ सेकंद, म्हणजेच २९ मिनिटे २८ सेकंद. आमच्या यंत्राने नियम पाळला, आपल्या गेटवेने पाळला नाही आणि खापर मात्र यंत्रावर फुटले. नाचता येईना, अंगण वाकडे!

तिसरी गोष्ट आवाज न पोहोचण्याची. रुग्णाला डॉक्टर ऐकू येत नाहीत आणि डॉक्टरांना रुग्ण. हा प्रकार रुग्ण कोणत्या नेटवर्कवर आहे यावर अवलंबून आहे. घरच्या वायफायवर सहसा होत नाही. कॉलेज, सरकारी कार्यालय, कारखाना अशा ठिकाणच्या वायफायवर हमखास होतो. कारण सरळ आहे. कॉल जुळवण्याची बोलणी टीसीपी ४४३ वरून (सुरक्षित वेबसाइट उघडतात त्याच वाटेने) होतात, ती सगळीकडे खुली असते, म्हणून घंटी वाजते आणि कॉल ‘लागतो’. प्रत्यक्ष आवाज आणि चित्र मात्र यूडीपी या वेगळ्या वाटेने जाते आणि अशा नेटवर्कवर यूडीपी बंद असते. यासाठीच टर्न सर्व्हर, म्हणजे आवाज-चित्र मध्यस्थ म्हणून पोहोचवणारा सर्व्हर, असतो. आपण तो दिला आहे, पण फक्त यूडीपी ३४७८ वर. म्हणजे जिथे त्याची गरज आहे तिथेच तो चालत नाही. तोच टर्न टीएलएसवर (कूटबद्ध टीसीपी जोडणीवर) ४४३ पोर्टला उघडला की हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. आवाजाला थोडा उशीर होईल, पण निदान ऐकू येईल. आणखी एक, या सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ताच नाही. मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ आता सर्रास असताना ही उणीव कशी राहिली ते आपणच सांगावे.

खोली क्रमांक दोनमधल्या मोठ्या पडद्यावर रुग्णाचे चित्र बऱ्याचदा काळे येते किंवा पहिल्या फ्रेमवर गोठते. उलट दिशेने रुग्णाला डॉक्टरांचे चित्र मुळीच दिसत नाही. यात दोन वेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत. रुग्णाचे ॲप एच.२६४ या व्हिडिओ संकेतपद्धतीचे कन्स्ट्रेन्ड बेसलाइन प्रोफाइल, म्हणजे साधा प्रकार, सांगते (नोंदीत ४२ई०१एफ), आमचे यंत्र हाय प्रोफाइल पाठवते (६४००२८). दोन्ही ‘एच.२६४’ म्हणून गेटवे समाधानी होतो आणि प्रवाह न बदलता तसाच पुढे ढकलतो. फोनला तो उलगडता येत नाही. गेटवेने एक तर बोलणीच्या वेळी यंत्राला बेसलाइनवर आणायला हवे किंवा स्वतः रूपांतर करायला हवे. रूपांतराचा परवाना आमच्या योजनेत समाविष्ट असल्याचे आपल्या कोटेशनमध्ये लिहिले आहे. तो चालू केला आहे का, एवढे तरी तपासावे.

गोठणाऱ्या चित्राचे कारण वेगळे. एखादे पॅकेट हरवले की पाहणाऱ्या बाजूला पूर्ण चित्र, म्हणजे कीफ्रेम, नव्याने मागावे लागते. आमचे यंत्र ही मागणी जुन्या पद्धतीने, एसआयपी इन्फो संदेशातून करते. रुग्णाच्या ॲपला ती आरटीसीपीमधून (आवाज-चित्रासोबतच्या नियंत्रण संदेशांतून) ‘पीएलआय’ (चित्र हरवल्याची सूचना) या स्वरूपात हवी असते. या दोन भाषांमधला दुभाषा म्हणजेच गेटवे, आणि तो इन्फोला ‘२०० ओके’ म्हणून मान डोलावतो, पुढे काहीच पाठवत नाही. जखमेची सूज किंवा त्वचेवरचा चट्टा पाहायला बसलेल्या डॉक्टरांना गोठलेल्या चित्रावरून काय सांगता येणार? त्यातून चित्र गोठले आहे हे चटकन कळतही नाही, कारण रुग्ण स्थिरच बसलेला असतो.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात. रुग्णाचे ॲप ओपस ही आवाजाची संकेतपद्धत वापरते, आमचे यंत्र जी.७२२ ही रुंद पट्ट्याची पद्धत चालवू शकते, तरी गेटवे मध्ये सगळे जी.७११ वर उतरवतो. म्हणजे साध्या टेलिफोनचा ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा. शिवाय त्याला आयपी पातळीवर एका दिशेला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात, ओपसला याहून बरेच कमी, आणि ओपसमधली पॅकेटगळती भरून काढण्याची सोयही या रूपांतरात वाया जाते. खोकला सुका की ओला हे कानाला कळायला हवे असते. ३४०० हर्ट्झच्या वरचे सगळे कापल्यावर तो फरक धूसर होतो.

आता माहितीपत्रकाबद्दल. त्यात दोन विधाने आहेत आणि आमच्या मते दोन्ही मागे घ्यायला हवीत. पहिले: ‘रुग्ण कोणत्याही कॉलिंग ॲपवरून जोडला जाईल.’ प्रत्यक्षात तो फक्त आपल्या घरगुती ॲपवरून किंवा एसएमएसमधल्या दुव्यावरून ब्राउझरमध्ये जोडला जातो. दुव्यावरून येणे म्हणजे दोन यंत्रणांची जोडणी नव्हे, एका यंत्रणेत पाहुणा म्हणून येणे होय. पाहुण्याला डॉक्टरांकडून उलट कॉल जात नाही आणि डॉक्टरांच्या पडद्यावर त्याचे नावही ‘पाहुणा’ असेच येते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाची ओळख पटवून घ्यायची असते. ती तोंडी विचारून घेतो, पण नोंदीत ‘पाहुणा’ एवढेच उरते.

कार्यालय आणि घर यांची जोडणी किती अवघड असते हे या क्षेत्रात कोणाला ठाऊक नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आपले कार्यालयीन ॲप ‘लिंक’ (Lync) आणि घरगुती ॲप स्काइप जोडले तेव्हा आवाज आणि चॅट आधी, व्हिडिओ नंतर, असे टप्पे होते आणि जीमेलसारख्या पत्त्यावरच्या खात्याला जोडायला तो पत्ता कंसात घालून पुढे एमएसएनचे डोमेन लावावे लागे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनेही बड्या मेसेजिंग सेवांना मजकुराची देवाणघेवाण आधी आणि कॉलची जोडणी नियुक्तीनंतर ४ वर्षांनी, असा अवधी दिला आहे. पहिल्या नियुक्त्या सप्टेंबर २०२३ मधल्या, म्हणजे कॉलसाठी २०२७ उजाडणार. भारतात तर तसा कायदाही नाही. मग ‘कोणत्याही ॲपवरून’ हे आपण कशाच्या जोरावर छापले?

दुसरे विधान: ‘संभाषण दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध.’ गेटवे ओपसचे जी.७११ करतो, म्हणजे त्याला आवाज उलगडून पाहावाच लागतो. फोनपासून गेटवेपर्यंत कुलूप आहे, गेटवेपासून आमच्यापर्यंतही आहे, पण मध्ये आपल्या यंत्रावर सगळे उघडे असते. यात गैर काही नाही, जोडणी अशीच होते. पण ते लपवू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ पाहता रुग्णांना खरे काय ते सांगणे आम्हाला भाग आहे. आवाज-चित्र कोणत्या शहरातल्या यंत्रावर उलगडले जाते, तिथे काही साठवले जाते का आणि किती दिवस, याचे लेखी उत्तर हवे आहे.

आमच्या मागण्या अशा. दुसऱ्या गेटवेचा बाहेरचा पत्ता दुरुस्त करावा आणि तो होईपर्यंत डीएनएसमधून तो गेटवे काढून टाकावा. हे दोन दिवसांत होण्यासारखे आहे. सत्राची मुदतवाढ, टीएलएस ४४३ वरचा टर्न, व्हिडिओ रूपांतर आणि कीफ्रेमची मागणी पुढे पाठवणे ही कामे १५ दिवसांत पूर्ण करावीत. गेटवेवर जी.७२२ सुरू करावा. माहितीपत्रकातली दोन्ही विधाने दुरुस्त करावीत. ऑक्टोबर ते डिसेंबरचे जोडणी सेवेचे शुल्क परत करावे; साध्या कार्यालयीन कॉलचे शुल्क आम्ही मागत नाही, ती सेवा व्यवस्थित चालली. या मुदतीत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार दाखल करू.

चाचणीसाठी खोली क्रमांक दोन रोज दुपारी २ ते ४ मोकळी ठेवली आहे. आपल्या तंत्रज्ञाने त्या वेळेत दुसऱ्या गेटवेवरून एक कॉल लावावा आणि ३३ व्या सेकंदापर्यंत लाइनवर थांबावे. ‘इंटरनेट तपासा’ हे उत्तर पुन्हा पाठवण्याआधी एवढे जरूर करावे.

कळावे,

आपले,
व्यवस्थापक, माहिती तंत्रज्ञान विभाग
समन्वयक, टेलिओपीडी

सोबत: एसआयपी लॉग, वेबआरटीसी नोंदी, डीएनएस नोंदीची प्रत, कोटेशन व माहितीपत्रकाच्या प्रती.