धोंडूला शिट्टी ऐकू येत नाही

प्रिय नंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी शुगर होती तिथेच आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि शर्वरीच्या कानावर हे एवढ्यात जायला नको आहे.

धोंडूला ऐकू येत नाही रे.

परवा बँडस्टँडला कळलं. प्रतिपदा होती. तुझ्या हिशेबाने तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ, म्हणजे भरती रात्री पाऊणला आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी सातच्या सुमारास. मोबाइलही तेच म्हणत होता. हे लेखी देतोय, जपून ठेव. पण वामनच्या चपला वाहून गेल्या त्या दिवशी तू दशमीला एकादशी धरली होतीस, ते तू अजून कबूल केलेलं नाहीस.

रिक्षावाल्याने धोंडूचे, कुत्रा म्हणून, वीस रुपये जास्त घेतले. मी म्हटलं, माझ्यापेक्षा हा हलका आहे. तर म्हणाला, तुमचे केस सीटवर राहत नाहीत. आता यावर काय बोलणार? माझ्याकडे बघितल्यावर तुलाही बोलता आलं नसतं.

उधाणाची ओहोटी होती, पाणी लांबवर गेलेलं. आपल्या सपाट दगडाच्याही पुढचे खडक उघडे पडले होते. घरी धोंडूला जिना चढताना मागचे पाय ओढावे लागतात, पण तिथे गेला की अजून पूर्वीचाच. शेवाळावर पाय देत नाही, कालवांच्या धारेला अंग लावत नाही. एकेका डबक्यात नाक घालून खेकड्यांची हजेरी घेत तो थेट टोकाला गेला आणि वरळीकडे तोंड करून बसला. मी इकडे चहा घेत बसलो. मन्नतसमोर एवढ्या सकाळीही फोटोवाले होतेच.

पाणी फिरलं. तिथली मेख तुला माहीत आहे, पाणी समोरून येतच नाही, आधी मागच्या घळी भरतात. मी तुझी शिट्टी मारली, दोन लांब, एक आखूड. कान हलला नाही. वाटलं, वारा असेल. पुढे जाऊन पुन्हा मारली. मग नावाने ओरडलो, इतका की फोटोवाल्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवले. हा आपला बसलेला.

कालवं काढणारे एक काका होते. ते शांतपणे म्हणाले, "कान गेलेत त्याचे. त्याच्या पुढ्यात दगड टाका, पाण्यात." टाकला. पाणी उडालं तसा वळला, मला बघितलं आणि शेपूट हलवत निघाला, जणू मीच उशिरा आलो होतो. मधली घळ गुडघाभर भरली होती, उचलून आणला. कंबरेचं विचारू नकोस.

तेव्हापासून मागचं सगळं आठवतंय. दिवाळीत खाली लक्ष्मी बॉम्ब फुटत होते आणि हा आडवा झोपलेला. यापूर्वी दरवर्षी मोरीत जाऊन बसायचा. आम्ही कौतुक केलं, म्हातारपणी शहाणा झाला म्हणून! शर्वरी ऑफिसातून आली की मात्र तो तिच्याआधी दाराशी असतो, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. आता कळतंय, ते कान नव्हेत, तो जिना. आपला लाकडी जिना माणूस पहिल्या पायरीवर आला की वरपर्यंत हलतो. हा फरशीला पोट लावून सगळी बिल्डिंग ऐकतो.

काल बैलघोडा हॉस्पिटलला नेलं. कान साफ आहेत, इन्फेक्शन नाही, वयाचं आहे म्हणाले. झोपेत मागून हात लावायचा नाही, दचकून चावेल. जमिनीवर पाय आपटून उठवायचं, हाताच्या खुणा शिकवायच्या, बाहेर पट्टा सोडायचा नाही. खुणा तो शिकेल. खडकावर पट्टा? तूच सांग त्याला.

आणि मे महिन्यात बिल्डिंग रिकामी करायची आहे. तुला मीटिंगचं सगळं कळतंच, जोशींनी शेवटी सही केली. तात्पुरती जागा मीरा रोडला, चौदावा मजला, सगळा स्लॅब. तिथे कोण आलं, कोण गेलं, याला कसं कळणार? मालकाने एकच विचारलं, कुत्रा भुंकतो का? मी म्हटलं, नाही. स्वतःचंच ऐकू येत नसल्यावर भुंकतो की नाही, हे तुला ठाऊक असेल तर कळव. शर्वरीला सांगितलं तर पहिल्यांदा बँडस्टँड बंद होणार, आणि तिचं चुकतं असंही म्हणता येत नाही. पण मेपर्यंतच तर आहे ना ते. मग मीरा रोडहून कोणती रिक्षा याला घेऊन वांद्र्याला येणार आहे?

एक मात्र डोक्यातून जात नाही. तो तिथे इतका वेळ कशाला बसला होता? मला वाटतं, त्या खडकावर लाट आपटली की त्याला खालून कळतं. तू प्राध्यापक माणूस, हसशील. हसण्यावरून आठवलं. वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले, ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, हे तू आम्हाला त्याच दगडावर बसून सांगत होतास, आणि मी विचारलं होतं, ते डराव डराव करायचे का? तू आठवडाभर बोलला नव्हतास. प्रश्न गंभीर होता रे. अजून उत्तर दिलेलं नाहीस.

प्राजू सी.ए. झाली, कळलं, फार आनंद झाला, तिला वेगळं लिहितो. तुझा गुडघा काय म्हणतो? नागपूरच्या उन्हात चालायला जात असशील तर वेडा आहेस.

एप्रिलमध्ये ये. पिल्लू असताना त्या खडकातून तूच त्याला शर्टात गुंडाळून आणलंस आणि घरी सांगितलंस की मी आणला, तेव्हा निम्मी जबाबदारी तुझी. पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपासचं तिकीट काढ, पंचांग तुझ्याकडे आहेच. या वेळी तिथी नीट बघ. चपला माझ्या असणार आहेत.

तुझा,
बाळ्या