मंडईतल्या त्या वीस मिनिटांबद्दल

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर आमच्या गावच्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची, बातमी आली. नाटकाच्या आधी तीन पोरांनी विदेशी वाद्यांवर धिंगाणा घातला, लोकांच्या कानठळ्या बसल्या, आयाबहिणी उठून गेल्या, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाच्या, संस्कृतीला गालबोट लागलं, ग्रामपंचायतीने अशा प्रकारांना बंदी घालावी, असं तिच्यात छापलं आहे. त्या रात्री मंडपातला साउंड माझा होता आणि मिक्सरवर मीच बसलो होतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ब्रह्मपुरी-नागभीड भागात आमची साउंड सर्व्हिस वडिलांच्या वेळपासून आहे. त्यांच्याकडे एक चोंगा आणि बॅटरी होती. माझ्याकडे आता स्पीकरच्या पेट्या, मिक्सर, जनरेटर सगळं आहे. बारसं, हळद, भागवत सप्ताह, प्रचारसभा सगळीकडे मी जातो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं करतो. आवाज हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. त्यामुळे आधी कानठळ्यांचं सांगतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. लाउडस्पीकर लावला तर मैदानाच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंतच आवाज जायला हवा. माझ्याकडे मीटर आहे आणि मी तो वापरतो. पोरांनी वाजवलं ते नाटकाच्याच दोन पेट्यांवर, मी नाटकाला जेवढा ठेवतो तेवढ्याच आवाजावर. त्याच दिवशी दुपारी गावातून डीजेची मिरवणूक गेली, तेव्हा शाळेच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती. आपल्या बातमीत त्या मिरवणुकीचं वर्णन 'जल्लोषात' असं आहे. हे मला लागलं, संपादक महोदय.

आणि आयाबहिणी उठून गेल्या नाहीत. नाटकाची जागा धरायला त्या संध्याकाळपासून चटया टाकून पुढेच बसल्या होत्या. धानाच्या चुकाऱ्याचं, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशांचं, गाणं संपलं तेव्हा त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या आजीने ते पुन्हा म्हणायला लावलं. पोरांनी म्हटलं.

आता या पोरांबद्दल. एक राईस मिलमध्ये पोती उचलतो, दुसरा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो, तिसरा बापाच्या धानाच्या बांध्या बघतो आणि रोवणीच्या दिवसांत लोकांचे ट्रॅक्टर चालवतो. डीजे आल्यावर इकडच्या लग्नातल्या बँड पार्ट्या एकेक करून मोडल्या. त्यांतल्याच एका पार्टीचे ड्रम त्यांनी घेतले. गिटार नागपूरहून जुनी आणली. सराव गावाबाहेरच्या धानाच्या गोदामात, तेही गोदाम रिकामं असेल तेव्हाच. त्यांची गाणी त्यांचीच आहेत. चुकारा खात्यात कधी येईल, गोसीखुर्द धरणाचा कालवा, मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेली आई आणि वाघ, हे त्यांचे विषय. एकेक गाणं मिनिट-दीड मिनिटाचं. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली, म्हणजे या पोरांच्या जन्माच्या किती आधी! त्यावर ते मोठ्याने ओरडून गातात, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, की एवढी लहान गाणी कशाला? तेव्हा त्यांनी मला अमेरिकेतल्या एका पंक रॉक, म्हणजे साधं, वेगवान आणि ओरडून गाणाऱ्या, बँडची गोष्ट सांगितली. नंतर मी त्या बँडची गाणी रात्री हेडफोन लावून नीट ऐकली. मिनिटमेन हे त्या बँडचं नाव. लॉस एंजेलिसच्या बाजूला सॅन पेद्रो नावाचं बंदराचं गाव आहे, गोदीत राबणाऱ्यांचं. डी. बून आणि माइक वॉट हे तिथले लहानपणचे दोस्त. बूनचं घर सरकारी वस्तीत, वॉटचा बाप नौदलात. बाहेरचं वातावरण वाईट, पोरं शाळा सुटल्यावर घरात राहावीत म्हणून बूनच्या आईने त्यांना वाद्यं वाजवायला लावलं. वॉटला तर खालच्या जाड सुरांची बास गिटार वेगळी असते हेही ठाऊक नव्हतं. साध्या गिटारला चारच तारा ठेवून तो बास म्हणून वाजवायचा. पुढे जॉर्ज हर्ली ड्रमवर आला आणि १९८० साली हे तिघं मिनिटमेन झाले. पहिल्या तबकडीवर सात गाणी, आणि सातही मिळून सात मिनिटांची नाहीत.

त्यांच्यामागे मोठी कंपनी नव्हती. तबकड्या निघायच्या त्या ओळखीतल्या पंकवाल्यांच्या एका छोट्या कंपनीकडून. स्टुडिओ रात्री उशिरा घ्यायचा, कारण तेव्हा भाडं कमी. टेप वापरलेली घ्यायची. गाणी तबकडीवर ज्या क्रमाने हवीत त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर कापाकापीचा खर्च नाही. १९८४ साली त्यांनी दोन तबकड्यांचा अल्बम काढला, चाळीसहून जास्त गाण्यांचा, आणि त्याला खर्च आला १,१०० डॉलर. गावोगावी जायचं तर आपलीच व्हॅन, सामान आपणच चढवायचं आणि आपणच उतरवायचं. ते म्हणत, कार्यक्रम तेवढा खरा, बाकी तबकडीसुद्धा त्या कार्यक्रमाची जाहिरात. वडशाच्या नाटक कंपनीत ट्रकवर नेपथ्य चढवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण माझं मन बसलं ते दुसऱ्याच गोष्टीवर, आणि ती साउंडवाल्यालाच पटकन कळेल. डी. बून आपल्या गिटारचा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जवळजवळ सगळा कापून टाकायचा, नुसता ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, ठेवायचा. आवाज पातळ, टोकदार. का? तर खालची जागा वॉटच्या बास गिटारला आणि हर्लीच्या ड्रमला मोकळी मिळावी म्हणून. सगळ्या बँडांत गिटारवाला मालक असतो, बाकीचे त्याच्या मागे. यांना ते नको होतं. तिघं सारखे, तर तिघांचा आवाजही सारखा ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी अॅम्प्लिफायरच्या बटणावर आणून ठेवला. मी इतकी वर्षं मिक्सर हाताळतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'माझा वाढवा.' गायक म्हणतो, ऑर्गनवाला म्हणतो, ऑक्टोपॅडवाला म्हणतो, आणि नेता तर म्हणतोच. दुसऱ्याला जागा व्हावी म्हणून 'माझा कमी करा' म्हणणारा मला आधी भेटला नव्हता. आणि आमच्या पोरांनी मंडईच्या दिवशी साउंड चेकला हेच सांगितलं: 'काका, गिटारचा बास काढा, बाकीच्यांचं ऐकू येऊ द्या.'

डी. बून २२ डिसेंबर १९८५ ला ॲरिझोनात व्हॅनच्या अपघातात गेला. अंगात ताप होता म्हणून तो मागे झोपला होता. वय सत्तावीस. बँड तिथेच संपला. आमच्या पोरांच्या जन्माआधीच ते सगळं होऊन गेलं, आणि तरीही राईस मिलमधल्या पोराला ती गाणी आपली वाटली. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा, असं मी म्हणतो.

राहिली संस्कृती. मी चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीतच लहानाचा मोठा झालो. २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले. त्यामुळे मला कुणी संस्कृती शिकवू नये. दंडारीतला, म्हणजे इथल्या लोकनाट्यातला, गडी माइक नसताना मागच्या माणसापर्यंत पोचावं म्हणून ओरडूनच म्हणायचा. चिमूर इथून लांब नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे लोक इंग्रजांवर उठले, त्याआधी तुकडोजी महाराजांनी याच भागात भजनं केली होती. हातात खंजिरी, साधे शब्द, अडाण्यालाही कळतील असे. सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. थोडक्या साधनांवर, आपल्या माणसांचं दुःख, आपल्या बोलीत आणि मोठ्याने सांगायचं, ही इथली रीत आहे. गिटार बाहेरून आली हे खरं. ऑर्गनही बाहेरूनच आला होता, आज त्याच्याशिवाय नाटकाची नांदी होत नाही.

पोरांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. दोन गाण्यांत शब्द कळले नाहीत, ही बातमीतली तक्रार मला मान्य आहे. एकदा गिटार सुरातून उतरली होती. मधल्या वेळात ते खाली मान घालून पुटपुटतात, तेव्हा गाणं कशावर आहे हे लोकांना सांगितलंच जात नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. पण हे सुधारायला व्यासपीठ लागतं, आणि तेच आपण काढून घ्या म्हणता. नाटकं सोडली तर वर्षभर माझ्या वायरीतून जातं काय? सिनेमाची गाणी, रिमिक्स आणि भाषणं. गावातल्या माणसाने स्वतः रचलेलं, स्वतः म्हटलेलं काही जात असेल तर भजनं आणि ही तीन पोरं.

म्हणून माझी मागणी अशी. मंडईचा खर्च करणाऱ्या मंडळांनी नाटक सुरू होण्याआधीचा अर्धा तास गावातल्या पोरापोरींच्या स्वतःच्या गाण्यांना द्यावा, मग ते गिटारवर असो की डफावर. डीजेला मोजतात त्यातला लहानसा हिस्साही त्यांना पुरेल. ग्रामपंचायतीने समाजमंदिर संध्याकाळी सरावाला उघडं ठेवावं; बहुतेक गावांत त्याला कुलूपच असतं. वीजबिल मी भरायला तयार आहे.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. महाशिवरात्रीच्या जत्रेत पोरं पुन्हा वाजवणार आहेत, साउंड माझाच आहे आणि त्याचे पैसे मी घेणार नाही. त्यांनी यावं. मिक्सरच्या बाजूला खुर्ची ठेवतो, मीटर त्यांच्या हातात देतो. गाण्याचे शब्दही कागदावर लिहून देईन. सगळी गाणी ऐकावीत आणि मग जे लिहावंसं वाटेल ते लिहावं.

आपला,
एक साउंड सर्व्हिसवाला,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर