प्रवेश दिला, पुढे काय?

महोदय,
अल्पसंख्य समाजातील विद्यार्थ्यांना विज्ञान-अभियांत्रिकीला प्रवेश दिला की आपली जबाबदारी संपली, असा अनेक विद्यापीठांचा समज दिसतो. गळती सुरू होते ती त्यानंतर, बहुधा पहिल्या वर्षाच्या गणितात. मग ‘पाया कच्चा होता’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइजमन यांनी १९७०च्या दशकात ‘पाया कच्चा’ हा समज तपासून पाहिला. कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कलनगणितात, मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, पण एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाची मुले एकत्र बसून गणिते सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइजमन यांनी उजळणी वर्ग काढले नाहीत. उलट अधिक अवघड गणिते देऊन मुलांना गटात बसवले आणि निकाल स्पष्टपणे सुधारले. हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात विद्यार्थ्याच्या कुवतीवर विश्वास आहे. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यात १९८८ला सुरू झालेल्या मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रमानेही गटाने अभ्यास आणि सुरुवातीपासून प्रयोगशाळेत संशोधन यांवर भर दिला.

शिष्यवृत्ती हवीच. पण अडलेले गणित कोणाला विचारायचे, हेही मुलाला पहिल्याच आठवड्यात कळायला हवे. विद्यापीठांनी प्रवेशाच्या आकड्यांशेजारी, त्यांपैकी किती जणांनी त्याच शाखेची पदवी घेतली, हा आकडाही दरवर्षी जाहीर करावा.

– एक वाचक